अकरा मिलिसेकंदांचं आकाश

व्हीआर हेडसेट चढवून सिम्युलेटरमधल्या एफ/ए-१८ हॉर्नेट या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलं की पहिली दहा मिनिटं सेटिंग्जची आठवणही होत नाही. काचेवरचे बारीक ओरखडे दिसतात, मान मागे वळवली तर दोन्ही शेपट्या खरोखर पाठीमागे उभ्या असतात, आणि धावपट्टी किती खाली आहे ते आकड्यावरून नाही, पोटातून कळतं. मग जॉर्जियातल्या बटुमीच्या किनाऱ्यावर २०० फुटांवरून विमान आडवं करून डावीकडे खाली पाहावं, तर घरं, झाडं, रस्ता, सगळ्याला दुहेरी कडा. काही मिनिटांत डोकं जड होतं. इथून पुढे बहुतेक जण ग्राफिक्सचं पान उघडून हाताला लागेल ती पट्टी डावीकडे ओढतात. सावल्या जातात, ढग जातात, गवत जातं, आणि दुहेरी कडा तिथेच राहतात.

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये व्हीआर नीट बसवणं हे निदानाचं काम आहे. रोग कुठे आहे ते कळलं की औषध बहुतेक वेळा एक किंवा दोनच सेटिंग्जचं असतं. म्हणून औषधांआधी निदानाबद्दल, आणि जरा सविस्तर.

मॉनिटरवर खेळणारा ‘फ्रेम किती मिळतात’, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, असं विचारतो. हेडसेटमध्ये विचारायचं ते हे, की एक फ्रेम किती वेळात तयार होते. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दर ११.१ मिलिसेकंदांनी नवं चित्र हवं असतं, ८० हर्ट्झला १२.५ आणि ७२ हर्ट्झला १३.९ मिलिसेकंदांनी. तेवढ्या वेळात दोन डोळ्यांसाठी दोन वेगवेगळी चित्रं काढून व्हायला हवीत. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एका डोळ्यापुढे २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल असतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून ९१ लाख. फोर-के मॉनिटरचे होतात ८३ लाख. त्यातही भिंगामुळे चित्र कडेला ताणलं जातं, ती वक्रता भरून काढण्यासाठी मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठंच काढावं लागतं. त्यामुळे ‘फोर-केवर ६० फ्रेम आरामात मिळतात, मग इथेच काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: तिथे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि चित्र एकच असतं.

वेळेचा हा हिशोब लोकलसारखा आहे. ११.१ ची गाडी ११.६ ला फलाटावर पोहोचलेल्यासाठी थांबत नाही, त्याला पुढची घ्यावी लागते, आणि पुढची २२.२ ला आहे. उशीर अर्ध्या मिलिसेकंदाचा, पण हेडसेटच्या दृष्टीने ९० फ्रेमच्या थेट ४५ झाल्या. म्हणूनच एखाद्याला एका सेटिंगने ‘जादू’ होते आणि दुसऱ्याला त्याच सेटिंगने काडीचाही फरक पडत नाही. पहिल्याची गाडी अर्ध्या मिलिसेकंदाने चुकत होती, दुसऱ्याची सहाने.

डोळ्याला जे दिसतं तेच पहिलं उपकरण, आणि ते फार अचूक आहे. दुहेरी कडांचंच घ्या. खालून सरकणाऱ्या घराचा आपला डोळा सलग पाठलाग करत असतो. हेडसेट ९० वेळा उजळतो, पण सिम्युलेटर ४५ चित्रंच देतो, म्हणजे प्रत्येक चित्र दोनदा दाखवलं जातं. दुसऱ्यांदा ते दिसेपर्यंत डोळा पुढे सरकलेला असतो, आणि तेच घर डोळ्याच्या पडद्यावर दुसऱ्या जागी उमटतं. दोन कडा दिसल्या तर वेग अर्धा आहे, तीन दिसल्या तर एक तृतीयांश. शेजारून उलट्या दिशेने जाणारं विमान पाहा आणि एकाच शेपटीच्या किती प्रती दिसतात ते मोजा, फ्रेमचा आकडा न पाहताही कळेल.

याच वेळी नुसतं डोकं फिरवून पाहिलं तर सगळं गुळगुळीत भासतं, आणि त्यामुळे माणूस फसतो. हेडसेटचं सॉफ्टवेअर जुनंच चित्र मानेच्या नव्या दिशेनुसार फिरवून दाखवतं. मानेच्या वळण्याला हा उपाय चालतो, विमानाच्या पुढे जाण्याला चालत नाही. म्हणून तपासणी कधीही समोर बघत, उंचावर, सरळ उडताना करू नये. कमी उंचीवर, कुशीकडे, जमिनीकडे बघत करावी.

झटकन मान वळवल्यावर नजरेच्या कडेला काळी पट्टी डोकावली, तर फ्रेम फार उशिरा येत आहेत. कॅनपीची (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाची) चौकट किंवा टीएफ-५१डी या पंख्याच्या विमानाच्या पंख्याभोवतीची हवा जेलीसारखी हलत असेल, तर फ्रेम कमी पडल्यामुळे सॉफ्टवेअर मधली चित्रं अंदाजाने बनवत आहे. जंगलावरून उडताना हिरव्या रंगाचे चौकोनी ठिपके दिसले, तर सिम्युलेटर निर्दोष आहे, केबल किंवा वायफायवरून येणारं चित्र जास्त दाबलं जातंय. आणि सगळं छान चालू असताना एकदम अर्धा सेकंद गोठलं आणि परत सुरळीत झालं, तर तो वेगाचा प्रश्न नाहीच, काहीतरी मधूनच आडवं येतंय. ही चार दुखणी वेगळी आहेत, आणि चौघांना एकच गोळी दिली जाते.

आता आकडे. डीसीएसमध्ये उजवा कंट्रोल आणि पॉझ दाबलं की फ्रेमचा आकडा येतो, परत दाबलं की सविस्तर तक्ता उघडतो. मार्च २०२३ मध्ये मल्टिथ्रेडिंग, म्हणजे प्रोसेसरचं काम अनेक धाग्यांत (थ्रेड) वाटण्याची सोय, आली तेव्हापासून अडथळा कुठे आहे तेही या तक्त्यात लिहिलेलं असतं: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरचा मुख्य धागा, की चित्र काढायला सांगणारा धागा. पण हे वाचण्याआधी एक काम केलंच पाहिजे, आणि नेमकं तेच बहुतेकांकडून राहून जातं. फ्रेमवर कुठलीही मर्यादा लागलेली असेल तर प्रोसेसर नुसता वाट बघत बसलेला असतो, आणि तक्ता दोष त्याच्यावर ढकलतो. एएसडब्ल्यू म्हणजे मधल्या फ्रेम बनवणारी सोय चालू असली की हे हमखास होतं. अशा खोट्या निकालावर विसंबून नवा प्रोसेसर घेणं महागात पडतं. क्वेस्ट लिंकवर (क्वेस्ट संगणकाला जोडण्याची सोय) कंट्रोल आणि नंबरपॅडवरचा १ दाबला की एएसडब्ल्यू बंद होतं, स्टीमव्हीआर या हेडसेट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये तसंच काम करणारं मोशन स्मूदिंग बंद करावं. फ्रेमची कमाल मर्यादा काढावी. मगच तक्ता बघावा.

तरी शंका राहिली तर एक खडबडीत पण खात्रीची कसोटी आहे. व्हीआरच्या पानावर पिक्सेल डेन्सिटी (चित्राच्या प्रत्येक बाजूचा पिक्सेलांचा गुणक) ०.५ करा. चित्र धुरकट होईल, होऊ द्या. पिक्सेल एक चतुर्थांश झाले, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा भार मोठ्या प्रमाणात उतरला. वेग झपाट्याने वाढला तर अडथळा कार्डात होता. वेग होता तिथेच राहिला तर प्रोसेसरमध्ये आहे, आणि मग रिझोल्यूशन कितीही कमी केलं तरी उपयोग शून्य.

मोजणी नेहमी एकाच जागी, एकाच वेळी. कॉकेशस हा नकाशा फुकट आहे, सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमानंही. मिशन एडिटरमध्ये स्वतःची एक छोटी मोहीम बनवा: सकाळचे १०, ढगांचा एक ठरलेला प्रकार, कोबुलेतीहून बटुमीकडे १,००० फुटांवर, आजूबाजूला दुसरं एकही विमान नाही. हिची दुसरी प्रत करा आणि तिच्यात वीस-पंचवीस रणगाडे आणि आठ विमानं टाका. पहिली मोहीम कार्डाची परीक्षा घेते, दुसरी प्रोसेसरची. दोन्हींतला फरक हाच तुमच्या संगणकाचा खरा अहवाल. दर वेळी एकच सेटिंग बदला, आणि आकडे कागदावर लिहा. कागदावरच, कारण हेडसेट काढून परत चढवेपर्यंत मागचा आकडा डोक्यातून गेलेला असतो.

कार्ड थकत असेल तर सगळ्यात आधी रिझोल्यूशन तपासा, कारण ते तीन ठिकाणी लपलेलं असतं. हेडसेटच्या ॲपमध्ये एक पट्टी, स्टीमव्हीआरमध्ये दुसरी, डीसीएसमध्ये पिक्सेल डेन्सिटी ही तिसरी. ही तिन्ही एकमेकांना गुणतात, आणि प्रत्येकाचं माप वेगळं. स्टीमव्हीआरचे १५० टक्के म्हणजे एकूण पिक्सेल दीडपट. पिक्सेल डेन्सिटी १.२ म्हणजे दोन्ही बाजू १.२ पट, म्हणजे पिक्सेल १.४४ पट. दोन्ही एकत्र लागले की २.१६ पट काम. ज्याने दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी व्हिडिओवरून एक पट्टी सरकवली आणि विसरला, त्याचं निम्मं दुखणं इथेच सापडतं. डीसीएसमधला आकडा १.० वर ठेवा आणि जे काही करायचं ते हेडसेटच्या ॲपमध्येच करा. एका जागी असलं की विसरायला होत नाही.

दुसरी गोष्ट कार्डाची स्वतःची मेमरी. ८ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) ‘हाय’ ठेवून सीरियाच्या नकाशावर उडलं तर मेमरी भरते, आणि जास्तीचा माल मदरबोर्डावरून संगणकाच्या रॅममध्ये ये-जा करू लागतो. लक्षण अगदी ओळखता येतं: पहिली वीस मिनिटं उत्तम, मग एकदम वेग निम्मा, आणि सिम्युलेटर बंद करून परत सुरू करेपर्यंत तसाच. अशा वेळी सावल्यांना दोष देऊ नका. जमिनीचे टेक्श्चर ‘लो’ करा, विमानांचे ‘मीडियम’. उंचावरून जमिनीतला फरक फारसा जाणवत नाही, पण हेलिकॉप्टर उडवणाऱ्याला जाणवतो. त्याने हा निर्णय आपल्या कामाप्रमाणे घ्यावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.९ आवृत्तीत डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सेलांतून मोठं चित्र बनवणारं तंत्र, मिळालं. त्याच्या ‘क्वालिटी’ प्रकारात प्रत्येक बाजूला सुमारे दोन तृतीयांशच पिक्सेल प्रत्यक्ष रेखाटून उरलेले गणिताने भरले जातात, म्हणजे काम ४४ टक्क्यांवर येतं. ही बचत खरी आणि मोठी आहे. तिची किंमतही खरी आहे. डीएलएसएस मागच्या फ्रेमच्या आधाराने चालतं, त्यामुळे हॉर्नेटच्या डाव्या डिस्प्लेवर भराभर बदलणारा आकडा आधीच्या आकड्याची शेपूट घेऊन येतो. ६ आहे की ८, हे क्षणभर कळत नाही. दूरचं विमान म्हणजे दोन-तीन पिक्सेलचा ठिपका, आणि तो कधीकधी चित्रातला कचरा समजून पुसला जातो. जो डोळ्यांनी शत्रू शोधून जवळची लढाई लढतो त्याच्यासाठी २एक्स एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सोय), डीएलएसएस बंद आणि थोडं कमी रिझोल्यूशन ही जोडी मला जास्त प्रामाणिक वाटते. जो रडारवर लांबून क्षेपणास्त्र सोडतो त्याने डीएलएसएस खुशाल लावावं. ४एक्स एमएसएए मात्र व्हीआरमध्ये जवळपास कुणालाच परवडत नाही.

प्रोसेसरचं दुखणं जास्त चिवट. सिम्युलेटर प्रत्येक रणगाडा, प्रत्येक क्षेपणास्त्र आणि प्रत्येक विमानाचं उड्डाणगणित चालवत असतो, आणि यातलं बरंच काम एकाच मुख्य धाग्यावर पडतं. सोळा कोअर असले तरी हा एक धागा जितका वेगवान तितकाच सिम्युलेटर. म्हणूनच रायझन ७ ५८००एक्स३डी २०२२ मध्ये आला तेव्हा उड्डाण सिम्युलेटरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याची ९६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) या कामाला अचूक बसते. नवा प्रोसेसर घेण्याआधी मात्र बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सोय, चालू आहे का ते बघा. ३६०० ची रॅम विकत घेऊन ती वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारे खूप आहेत, आणि डीसीएसमध्ये हा फरक थेट दिसतो.

खेळाच्या आत प्रोसेसरला दिलासा देणाऱ्या सेटिंग्ज थोड्याच आहेत: दृश्यमर्यादा, सावल्या, जमिनीवरच्या वस्तूंचा तपशील, आणि आरसे. आरसा म्हणजे मागचं सगळं दृश्य पुन्हा एकदा काढणं. लढाईत लागला तर एका बटणाने उघडता येतो, कायम चालू ठेवायची गरज नाही. टार्गेटिंग पॉड, म्हणजे विमानाखाली लावलेला नेमाचा कॅमेरा, त्याचंही तेच. एफ-१६ च्या डिस्प्लेवर पॉडचं चित्र उघडताच वेग घसरतो, कारण तो छोटा चौकोन म्हणजे तिसऱ्या डोळ्यासाठी काढलेलं स्वतंत्र दृश्य असतं. कॉकपिट डिस्प्लेच्या रिझोल्यूशनमध्ये ‘१०२४ एव्हरी फ्रेम’ निवडलं असेल तर हा भार प्रत्येक फ्रेमला पडतो. नुसतं ‘५१२’ किंवा ‘१०२४’ पुरतं. याउलट मिग-२१बिसच्या निळसर-हिरव्या कॉकपिटमध्ये सगळ्या सुयांच्या तबकड्या आहेत, पॉड नाही, डिजिटल डिस्प्ले नाही. मध्यम संगणकावर व्हीआर सुरू करणाऱ्याला ते विमान फार मानवतं. ओझरच्या कारखान्यात हेच मिग-२१ बनत होतं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने चंदीगडला त्याला निरोप दिला. त्या कॉकपिटमध्ये बसण्याचं नाशिककरांना याहून वेगळं कारणही असू शकतं.

डोळ्याच्या नजरेपुरताच भाग तीक्ष्ण काढणारी क्वाड व्ह्यूजची पद्धत आता बरीच बोलली जाते. तीक्ष्ण भाग छोटा, कडेचा भाग हलका, त्यामुळे कार्डाला मोठा आराम. पण दोनाऐवजी चार दृश्यं काढायची असल्यामुळे प्रोसेसरचं काम वाढतं. ज्याचा प्रोसेसर आधीच दमलाय त्याने ती लावली तर वेग कमीच होणार. निदान आधी, असं म्हटलं ते याचसाठी.

चाळीस जणांच्या मल्टिप्लेअर सर्व्हरवर, विमानवाहू जहाजाच्या डेकवर उभं राहून ९० चा हट्ट धरू नये. ५० ते ७५ मध्ये वरखाली होणारा वेग सगळ्यात वाईट, मेंदूला त्याची सवयच होत नाही. हेडसेट ७२ हर्ट्झवर आणा आणि ३६ वर बांधून टाका. आता प्रत्येक फ्रेमला २७.८ मिलिसेकंद आहेत आणि मधली फ्रेम एएसडब्ल्यू बनवेल. जेटच्या कॉकपिटमध्ये हे बरंच सुसह्य आहे. पंख्याच्या विमानात पंख्याभोवती आकाश फाटलेलं दिसेल, तिथे एएसडब्ल्यू बंद ठेवून दुहेरी कडा सोसलेल्या बऱ्या. हवेत इंधन भरताना टँकरची टोपली डोळ्यापुढे थरथरते, तेव्हाही बंदच बरं. कार्डाचा वापर ९९ टक्क्यांवर नेऊ नका, दहाएक टक्के मोकळे ठेवा. हेडसेटच्या सॉफ्टवेअरलाही शेवटच्या क्षणी त्याच कार्डाकडून काम करून घ्यायचं असतं.

वायरलेसबद्दल थोडक्यात. संगणक राउटरला केबलने जोडलेला हवा, वायफायने नाही. राउटर त्याच खोलीत, ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर, आणि त्या पट्ट्यावर शक्यतो दुसरं कुणी नको. चित्र वायफायवरून पाठवणारं व्हर्च्युअल डेस्कटॉप हे ॲप वापरत असाल तर त्यातला व्हीडीएक्सआर हा पर्याय निवडा, म्हणजे स्टीमव्हीआरचा वळसा टळतो. जंगलात चौकोन दिसत असतील तर बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) वाढवा. हात हलवल्यावर चित्र मागून येत असेल तर कमी करा. एचपीचा रिव्हर्ब जी२ हेडसेट असेल तर विंडोज ११ चं २४एच२ अपडेट घेऊ नका, त्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिॲलिटीच काढून टाकली आहे, आणि हा हेडसेट तिच्यावरच चालतो.

आता ते अर्ध्या सेकंदाचं गोठणं. पहिला संशयित यूएसबी. विंडोज वीज वाचवायला एखादं पोर्ट झोपवतं, जॉयस्टिक किंवा पेडल क्षणभर गायब होऊन परत येतं, आणि डीसीएस सगळी उपकरणं पुन्हा मोजायला बसतं. कंट्रोल्सच्या पानावर ‘डिसेबल हॉट प्लग’ आहे ते लावा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबचं वीज वाचवणं बंद करा. दुसरा संशयित अँटिव्हायरस. डीसीएसचा मुख्य फोल्डर आणि सेव्ह्ड गेम्समधला डीसीएस फोल्डर, दोन्ही त्याच्या तपासणीतून वगळा. तिसरा, अपडेटनंतर उरलेले जुने शेडर, म्हणजे चित्र काढायला कार्डासाठी बनवलेले छोटे प्रोग्राम. सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएसमध्ये ‘एफएक्सओ’ आणि ‘मेटाशेडर्स२’ असे दोन फोल्डर असतात, त्यांच्या आतलं सगळं पुसा. पुढची पहिली भरारी जास्त अडखळेल, कारण शेडर नव्याने बनतात. दुसरीपासून निकाल बघा. हेही करून भागलं नाही तर सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरचं नाव बदलून सिम्युलेटर सुरू करा. तो स्वतःसाठी कोरा फोल्डर बनवेल. झटके गेले तर दोष तुम्ही बाहेरून घातलेल्या एखाद्या मॉडचा किंवा विमानाची माहिती बाहेर पाठवणाऱ्या एक्सपोर्टच्या स्क्रिप्टचा आहे. जुना फोल्डर तसाच जपून ठेवा, तुमच्या सगळ्या बटणांच्या जोडण्या त्यात आहेत.

चंद्रपूर, अकोला, नागपूरकडच्यांनी एक गोष्ट जास्तीची बघायची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत कार्ड ८० च्या पुढे सहज जातं आणि स्वतःला वाचवायला घड्याळाचा, म्हणजे क्लॉकचा, वेग उतरवतं. डिसेंबरमध्ये बरोबर बसवलेली सेटिंग्ज उन्हाळ्यात ‘बिघडतात’ ती अशी. याची गल्लत मेमरी भरण्याशी होते, कारण दोन्हींत सुरुवात चांगली आणि शेवट वाईट. अर्धा तास उडून मग कार्डाचे आकडे पाहा. मेमरी काठोकाठ पण घड्याळ स्थिर, तर टेक्श्चर कमी करा. मेमरी रिकामी पण घड्याळ उतरलेलं, तर उष्णता. कार्डाची विजेची मर्यादा ८५ टक्क्यांवर आणा. वेग थोडाच कमी होतो, तापमान बरंच उतरतं, आणि मुख्य म्हणजे पहिल्या मिनिटाला मिळणारी फ्रेम पन्नासाव्या मिनिटालाही मिळते. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ आधी झटका, हे सांगायला नको.

सगळं जमलं की सेव्ह्ड गेम्समधल्या कॉन्फिग फोल्डरातून ‘ऑप्शन्स’ नावाची ल्युआ फाइल उचलून दुसरीकडे ठेवा, नावात तारीख घालून. मग तीच कोबुलेती-बटुमीची मोहीम उघडा, १,००० फुटांवरून २०० वर या, आणि डावीकडे खाली बघा. घराला एकच कड आहे का ते पाहा.